घरटी एक आणि उरलेली माणसे

ज्ञानप्रसाराचा इतिहास लिहिताना जे साधले त्याची नोंद आवर्जून ठेवली जाते. जे कोणी मागे राहिले त्यांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. अमुक साली अमुक गाव साक्षर झाले, अमुक साली अमुक जिल्ह्याने निरक्षरतेस निरोप दिला, असे आपण वाचतो आणि समाधान पावतो. त्या मोजणीत कोणास धरले होते आणि कोणास धरलेच नव्हते, हा प्रश्न मनात उद्भवत नाही. गरीब व वयोवृद्ध माणसांस मोबाइल, संगणक आणि त्यांवरून चालणारे व्यवहार कोणी, कोठे व कसे शिकवावेत, हा आज चर्चिला जाणारा विषय वरवर पाहता अगदी नवा दिसतो. परंतु मुळाशी जाऊन पाहिले असता तो न विचारलेला जुनाच प्रश्न तेथे आढळतो. त्याचा मागोवा घ्यावा, आणि या कामी सार्वजनिक वाचनालयाचा अधिकार काय हे इतिहासाच्या आधाराने तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही नवी निरक्षरता जुनीहून कोणत्या बाबतीत निराळी आहे, ते प्रथम पाहू. पूर्वी खेड्यातील निरक्षर माणसास मुंबईच्या गिरणीत असलेल्या मुलाचे पत्र आले की ते घेऊन मास्तरांकडे, तलाठ्याकडे नाही तर पोस्टमनकडे जावे लागे. वाचणाऱ्यास घरातली सुखदुःखे कळत. परंतु वाचून झाले की पत्र घडी करून परत नेता येई. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्याचा प्रसंग याहून घातक. न वाचता उठविलेल्या अंगठ्याने कित्येकांची शेते गेली, आणि ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द भाषेत कायमचा राहिला. आज निराधार वृद्धेचे मासिक साहाय्य बँकेत जमा होते व ते जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर येतो. शिधावाटपाच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवावे लागते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास आपण हयात असल्याचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या पद्धतीने बोटाच्या ठशावर देता येतो. म्हणजे अक्षर शिकून ज्या अंगठ्यापासून सुटका करून घ्यावयाची होती, तोच अंगठा फिरून दाराशी येऊन उभा राहिला आहे. त्यातही जन्मभर दगड फोडून, भांडी घासून, भात लावून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्रास ओळखू येत नाही असा अनुभव वारंवार येतो. मग बँकेकडून मोबाइलवर येणारा गुप्त अंक शेजारच्या मुलास किंवा दुकानदारास सांगावा लागतो. पत्र वाचणाऱ्याच्या हाती घरातील बातमी जात असे. गुप्त अंक वाचणाऱ्याच्या हाती घरातील पैसा जातो. हा फरक लहान नव्हे.

आता वाचनालयांकडे वळू. आपल्या प्रांतात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, आणि पुण्याची ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ १८४८ ची. पुढे ठाण्यास १८९३ मध्ये व मुंबईस १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन होऊन मराठी ग्रंथांस हक्काचे घर मिळाले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. तथापि ज्यास वाचता येते आणि ज्यास वर्गणी परवडते त्याच्याच साठी त्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. ज्या पुण्यात १८४८ साली वाचनालय निघाले, त्याच पुण्यात सात वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा उघडली. दिवसभर राबून आलेली मोठी माणसे तेथे अक्षरे गिरवू लागली. परंतु वाचनालयाची वाट शाळेकडे जात नव्हती आणि शाळेची वाट वाचनालयाकडे येत नव्हती. शिकलेल्यांस पुस्तके होती. नव्याने शिकणाऱ्यांस नव्हती.

ही दोन टोके जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न बडोद्यास झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये सर्व संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. शाळा सोडल्यावर हाती पुस्तक पडले नाही तर मुलगा शिकलेले विसरतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढला. आणि पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्या जाणत्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गावोगावी वाचनालये उभी राहिली. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने, असा नियम असल्यामुळे वाचनालय हे गावास सरकारचे दान वाटत नसे. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत.

परंतु बडोद्याच्या योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. ग्रंथालय-खात्याचीच एक शाखा मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप व चलच्चित्रे घेऊन निरक्षर लोकांपुढे जात असे. ग्रंथांचे खाते, आणि त्याच्याकडे न वाचणाऱ्यांसाठी स्वतंत्र शाखा! ज्यास वाचता येत नाही त्याचाही वाचनालयावर हक्क आहे, हे तत्त्व येथे व्यवहारात उतरले. शिवाय हा हक्क मिळविण्यास परीक्षा द्यावी लागत नव्हती.

ब्रिटिश मुलखात हा विचार उशिरा आला. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ साली, मुंबई शहरात प्रौढांच्या साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयविकास समिती नेमली. तिने १९४० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत पायरीपायरीने जाणारी योजना मांडली. मंत्रिमंडळ गेले, महायुद्ध पेटले, आणि योजनेची अंमलबजावणी १९४६-४७ च्या सुमारास व तीही अंशतः झाली. साक्षरतेचे काम आणि ग्रंथालयाचे काम एकाच वर्षी जन्मास येऊनही हातात हात घालून चालू शकले नाही.

पुढे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. तिचा उत्साह अपूर्व होता. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांस शिकवावयाचे, आणि सारा गाव साक्षर झाला की ग्रामगौरव-समारंभ करावयाचा, अशी तिची रीत होती. तथापि समारंभ झाला आणि पाटी-पेन्सिली परत गेल्या की कित्येक गावी नवसाक्षर माणसे पुन्हा अंगठ्यावर आली. कारण वाचण्यासारखे काही जवळ नव्हते आणि अडले तर विचारावे असे कोणी नव्हते. या मोहिमेतील आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. तिने १४ ते ५० या वयाची माणसे धरली होती. पन्नाशीच्या पुढचा माणूस निरक्षर राहिला तरी गाव साक्षरच ठरे.

ही वयाची रेषा नंतर पुसली गेली नाही. उलट खाली सरकली. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने आणि १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने १५ ते ३५ एवढेच वय मुख्यतः धरले. या रेषेमागील हिशेब समजण्यासारखा आहे. पैसा थोडा, माणसे अफाट. तेव्हा ज्यांच्यापुढे कमाईची अनेक वर्षे आहेत त्यांस आधी शिकवावे, असे राज्यकर्त्यांस वाटणे स्वाभाविक होते. परंतु या हिशेबात माणसाचे शिक्षण म्हणजे केवळ भांडवल, असे गृहीत धरलेले आहे. १९७८ साली चाळिशीत असलेली, म्हणून रेषेबाहेर राहिलेली स्त्री आज नव्वदीच्या घरात आहे. तिला तेव्हा अक्षर दिले गेले नाही, आणि आता तिच्यापुढे मोबाइलचा पडदा धरून त्यावरील सूचना वाचावयास सांगितले जात आहे.

या इतिहासाची दुसरी बाजू पाहण्यास केरळात गेले पाहिजे. कारण तेथे साक्षरतेची चळवळ मुळातच वाचनालयाच्या ओटीवर वाढली. पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने गावोगाव हिंडून वाचनालये काढविली, आणि १९४५ मध्ये ४७ वाचनालयांचा त्रावणकोर ग्रंथशाला संघ स्थापन केला. पुढे या संघाचा विस्तार सर्व केरळभर झाला, आणि १९७५ मध्ये युनेस्कोने साक्षरतेच्या कार्यासाठी त्यास क्रूपस्काया पारितोषिक दिले. १९८९ च्या केरळ ग्रंथालय-कायद्याने मालमत्तेवरील करावर शेकडा ५ उपकर बसवून वाचनालयांस कायमचे उत्पन्न लावून दिले. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता, आणि महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, म्हणजे केरळच्या आधीचा आहे. परंतु त्यात उपकराची तरतूद नाही. १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली, ती मलप्पुरम जिल्ह्यातील चेलक्कोडन आयेशा या मोठ्या वयात अक्षर शिकलेल्या स्त्रीच्या तोंडून. मागे राहिलेल्यांतील एकीस व्यासपीठावर उभे करून ती घोषणा करविण्यात औचित्य होते.

नवलाची गोष्ट अशी की, नव्या साक्षरतेचा प्रारंभही याच मलप्पुरम जिल्ह्यात झाला. १८ नोव्हेंबर २००२ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘अक्षया’ योजनेचे उद्घाटन झाले. प्रत्येक घरातील एका माणसास संगणक हाताळता यावा, हे तिचे उद्दिष्ट होते, आणि २००४ मध्ये तो जिल्हा संगणक-साक्षर झाल्याचे जाहीर करण्यात आले. कल्पना चांगली, काम जलद, हेतू निर्मळ. परंतु ‘घरटी एक’ या दोन शब्दांत सारा प्रश्न दडलेला आहे. घरातून एक माणूस निवडावयाचा म्हटले की कोण निवडला जाईल? शाळेतला मुलगा, फार तर मुलगी किंवा धडधाकट बाप. ओसरीवर बसलेली आजी त्या ‘एका’त कधीही बसावयाची नाही. घर साक्षर झाले, आजी नाही. पुढे या केंद्रांचे रूप पालटत गेले, आणि शिकविण्याच्या जागी अर्ज भरून देणे हाच त्यांचा मुख्य उद्योग झाला. सोय झाली हे खरे. परंतु जी माणसे शिकावयास यावयाची ती पैसे देऊन काम करवून घेऊ लागली, म्हणजे पत्र वाचून घेण्याच्या काळात परत गेली.

अखिल भारतात २०१७ मध्ये निघालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने जुन्या व नव्या, दोन्ही रेषा एकत्र आणल्या. घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, आणि २० तासांचा अभ्यासक्रम. ३१ मार्च २०२४ रोजी हे अभियान संपले, तोवर ६ कोटी ३९ लक्ष लोकांस शिक्षण देण्यात आले होते. ही संख्या उपेक्षणीय नाही, आणि तीतून पुष्कळांचे हित झाले असेल. परंतु वृद्धापकाळचे साहाय्य ६० ते ६५ व्या वर्षांनंतर मिळू लागते, आणि ते मोबाइलवर तपासण्याचे शिक्षण ६० व्या वर्षी बंद होते, हा विरोध कोणाच्याही ध्यानात येण्यासारखा आहे. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने १५ वर्षांपुढील सर्वांस आत घेऊन वयाची वरची रेषा पुसली, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

केरळास आपली चूक कळून आली, आणि ती सुधारण्याचा क्रमही बोधप्रद आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लम्पारा या ग्रामपंचायतीत रोजगार हमीवरील मजूर आपली मजुरी जमा झाली की नाही एवढेच पाहण्यासाठी बँकेपुढे रांगा लावतात, हे काही जणांनी पाहिले, आणि २०२१ मध्ये तेथे घरोघर शिकविण्याचे काम सुरू झाले. २०२२ च्या सप्टेंबरात ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मग हीच रीत राज्यभर नेण्यात आली. या वेळी मोजणी घरांची नव्हे, माणसांची केली. ८३ लक्षांवर कुटुंबे पाहिली, तेव्हा सुमारे २१ लक्ष ८८ हजार माणसे अशी निघाली की ज्यांस मोबाइलवरील साधे व्यवहारही येत नव्हते. पहिल्या ‘संगणक-साक्षर’ जिल्ह्याची घोषणा होऊन वीस वर्षे झाल्यावरची ही गणना आहे! त्यांतील जवळजवळ सर्वांस शिकवून २१ ऑगस्ट २०२५ रोजी राज्य डिजिटल-साक्षर झाल्याचे घोषित केले गेले. वयाची नव्वदी ओलांडलेले पंधरा हजारांवर लोक आणि शंभरी ओलांडलेले एक गृहस्थही त्या शिकणाऱ्यांत होते. वृद्धांस शिकता येत नाही, हा आक्षेप येथे संपला. आपल्याकडे मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ मध्ये निघालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’त गुलाबी लुगडी नेसून साठीपुढच्या स्त्रिया अक्षरे गिरवीत, त्यांनीही तेच सिद्ध केले होते.

परंतु साताऱ्याचा अनुभव विसरून चालणार नाही. मोहीम माणसाला पहिले पाऊल टाकावयास लावते. दुसरे पाऊल टाकताना जवळ कोणी लागते. अक्षर एकदा आले की ते निदान आपला आकार बदलीत नाही. मोबाइलचा पडदा मात्र दर सहा महिन्यांनी बदलतो. काल जेथे बटण होते तेथे आज ते नसते, आणि फसविणाराही रोज नवी युक्ती काढतो. म्हणून हे शिक्षण वीस तासांत संपणारे नव्हे. अडेल त्या दिवशी जाऊन विचारता येईल अशी जागा त्यास पाहिजे. ती जागा बँक नव्हे, कारण तेथे रांग मागे उभी असते. ती शाळा नव्हे, कारण साठीच्या माणसास बाकावर बसून मुलाप्रमाणे उत्तर द्यावयाची लाज वाटते. घर तर नव्हेच. नातवास वेळ नसतो आणि मुलापुढे आपले अज्ञान उघडे करणे आईबापांस जड जाते. वाचनालयात मात्र माणूस आपल्या इच्छेने येतो, आपल्या इच्छेने जातो. तेथे वय विचारीत नाहीत आणि परीक्षा घेत नाहीत. वर्तमानपत्राच्या टेबलापाशी बसलेल्या म्हाताऱ्यास ‘येथे का बसलात’ असे कोणी म्हणत नाही. हा वाचनालयाचा जुना गुण आहे.

येथे एक सावधगिरी पाळली पाहिजे. आपली वाचनालये आज या कामास सिद्ध आहेत असे म्हणणे आत्मवंचना होईल. पुष्कळ वाचनालये जिना चढून जावयाच्या जागेत आहेत. कित्येक सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच उघडी असतात. पुस्तक नेण्यास वर्गणी व अनामत लागते. आणि गरीब वस्तीतील स्त्रीस, ‘हे आपले ठिकाण नव्हे’ असे पिढ्यान्‌पिढ्या वाटत आले आहे. ते वाटणे उगीच नाही. ज्या संस्था वाचणाऱ्यांसाठी जन्मल्या, त्यांनी न वाचणाऱ्यांस आपण होऊन हाक मारली पाहिजे. नुसते चार संगणक आणून ठेवल्याने ती हाक पोहोचत नाही. इंग्लंडात २००२ अखेर सार्वजनिक ग्रंथालयांस इंटरनेटने जोडण्याची योजना पार पडली, तेव्हा यंत्रांसाठी १० कोटी पौंड खर्चिले गेले आणि त्यांखेरीज २ कोटी पौंड ग्रंथपालांस शिकविण्यासाठी निराळे काढून ठेवले गेले. यंत्राजवळ बसणारा माणूस तयार नसेल तर यंत्र धूळ खाते, हे त्यांनी आधीच जाणले होते. बॉर्डननेही बडोद्यास येताच ग्रंथपालांचा वर्ग काढला तो याच कारणाने. आमच्या खेड्यातील ग्रंथपालाच्या हाती पडणारे वेतन पाहता, त्याच्याकडून या नव्या सेवेची अपेक्षा करण्यापूर्वी समाजाने आपला खिसा चाचपला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी पाहिलेला प्रसंग सांगून हा लेख पुरा करतो. वाचनालयाच्या ओट्यावर पावसासाठी थांबलेली एक वृद्ध बाई भीतभीत आत आली. हातात मुलाने टाकून दिलेला जुना मोबाइल. तिच्या खात्याची काही पडताळणी अडली होती, आणि त्यासाठी आलेला अंक वाचून घेण्यासाठी तिने यंत्र ग्रंथपालापुढे केले.

“बाबा, तूच बघ आन्‌ तूच दाब. माझी नजर ठरत न्हाई.”

ग्रंथपालाने मोबाइल हातात घेतला, पडद्यावरील अक्षरे मोठी केली आणि तो तिला परत दिला. “नजर आता ठरेल, मावशी. पण हा अंक मला सांगायचा नाही; कोणालाच नाही. तुम्हीच दाबा. मी इथे बसलो आहे.”

तो मान वळवून बसला. चुकत, पुसत, पुन्हा चुकत त्या बाईने अंक दाबले. दहा मिनिटे तरी गेली असतील. त्या दहा मिनिटांत वाचनालयातून एकही पुस्तक कोणी नेले नाही. आणि तरी ते वाचनालय त्या दिवशी आपले काम चोख करीत होते, असे मनास वाटले. घरांची गणना करणाऱ्या कोणत्याही तक्त्यात त्या बाईचे नाव सापडणार नाही. तिच्या घरी शिकलेला मुलगा आहे. तेव्हा ते घर केव्हाच साक्षर म्हणून धरले गेले असेल. ती मात्र त्या दिवशी, पाऊस ओसरेपर्यंत, स्वतः शिकत होती.